ऐतिहासिक कादंबरी आणि खानदेशचा इतिहास

इतिहास खरा आणि कादंबरी खोटी, असा एक सोपा निवाडा सुशिक्षित घरांतून पुष्कळदां ऐकूं येतो. मुलगा कादंबरी घेऊन बसला कीं वडील मंडळी त्यास म्हणतात, ‘त्यापेक्षां इतिहासाचें पुस्तक वाच, कांहीं ज्ञान तरी होईल.’ परंतु तोच मुलगा परीक्षा आटोपल्यावर इतिहासाचें पुस्तक जें मिटतो, तें पुन्हां उघडीत नाहीं; आणि पन्नाशीच्या घरांत आल्यावरहि त्याच्या ध्यानांत जो माधवराव पेशवा राहिलेला असतो, तो शाळेंतील सनावळींतला नसून कोणत्या तरी कादंबरींतला असतो. तेव्हां प्रश्न असा पडतो कीं, जी वस्तु कल्पित म्हणून बाजूस सारावयाची, तिच्यामुळेंच गतकाळ मनांत अधिक खोल कसा उतरतो? आणि जें उतरतें त्यास ज्ञान म्हणावें कीं नुसती करमणूक?

या प्रश्नाचा विचार करण्यास खानदेशाइतकी सोयीची भूमि थोडी सांपडेल. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं आपला देह ठेवला तो धुळ्यास, ३१ डिसेंबर १९२६ रोजीं. त्यांच्या मागें १९२७ सालीं त्याच गांवीं राजवाडे संशोधन मंडळ उभें राहिलें, आणि त्यांनीं जन्मभर गोळा केलेल्या कागदांचा वारसा तेथें जपला गेला. राजवाड्यांचें सारें आयुष्य कागदांच्या शोधांत गेलें. वाड्यांच्या माळ्यांवरून, देवघरांतील पेट्यांतून, वाण्याच्या दुकानीं पुड्या बांधण्यासाठीं जाऊं घातलेल्या रद्दींतून त्यांनीं अस्सल पत्रें सोडवून आणिलीं. १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड निघाला. त्यांत पानिपतच्या प्रसंगाच्या आगेमागें लिहिलेलीं पत्रें होतीं. पुढें या मालेचे एकूण २२ खंड झाले. १८२६ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रँट डफचा इतिहास हाच मराठ्यांचा अखेरचा इतिहास असें मानणाऱ्या पिढीस त्यांनीं बजावून सांगितलें कीं, अस्सल कागद हातीं आल्यावांचून इतिहास लिहावयास बसणें ही घाई होय.

इतका कडवा कागदपंडित कादंबरीकडे ढुंकूनहि पाहणार नाहीं, असें कोणासहि वाटेल. परंतु १९०२ सालीं याच राजवाड्यांनीं ‘कादंबरी’ या नांवाचा एक विस्तृत निबंध लिहिला, आणि देशोदेशींच्या कादंबऱ्यांशीं मराठी कादंबरी ताडून पाहिली. दफ्तराचें मोल ज्यास इतरांहून अधिक कळत होतें, त्यास कादंबरीहि विचाराचा गंभीर विषय वाटत होती, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. कागदाचा अधिकार कोठपर्यंत चालतो आणि कोठें संपतो, हें जो कागदांत मुरलेला असतो त्यालाच नीट समजतें.

दफ्तर आपल्यास काय देतें, हें प्रथम पाहिलें पाहिजे. दफ्तरांतून तारीख मिळते, फौजेची वाट मिळते, रकमेचा आंकडा मिळतो, कोणीं कोणास काय कळविलें तें मिळतें. हें देणें लहान नव्हे. त्यावांचून गतकाळाविषयीं बोलणें म्हणजे हवेंत रेघा ओढणें होय. परंतु दफ्तर हें नेहमीं ज्यास लिहितां येतें त्याचें, ज्यास लिहून ठेवण्याचें कारण असतें त्याचें, आणि ज्याचें घर जळालें नाहीं त्याचें असतें. बाकीचीं माणसें त्यांत आलींच तर संख्येच्या रूपानें येतात : इतके पडले, इतके पळाले, इतकीं घरें ओस. हें सामान्य विधान झालें. खानदेशांतीलच एका दिवसाची हकीगत घेतली म्हणजे त्याचा अर्थ उलगडतो.

शिरपूर तालुक्यांत तापीच्या उत्तर तीरावर थाळनेर हें गांव आहे. फारूकी सुलतानांनीं खानदेशांत राज्य उभारिलें त्या वेळीं त्यांचें पहिलें ठाणें येथें होतें, आणि त्या घराण्याच्या कबरी अद्याप तेथें उभ्या आहेत. नदीकांठीं किल्ला होता. मराठेशाहीच्या अखेरीस तो होळकरांकडे होता. २१ डिसेंबर १८१७ रोजीं महिदपूर येथें होळकरांच्या फौजेचा मोड झाला, आणि ६ जानेवारी १८१८ रोजीं मंदसोर येथें तह होऊन सातपुड्याच्या दक्षिणेकडील त्यांचा मुलूख इंग्रजांकडे गेला. महिदपूरचा विजयी सेनापति सर टॉमस हिस्लॉप दक्षिणेकडे वळला. सेंधव्याचें ठाणें हातीं आल्यावर तो घाट उतरून खानदेशांत आला आणि २७ फेब्रुवारी १८१८ रोजीं थाळनेरपुढें उभा राहिला.

किल्लेदाराचें नांव तुळशीराम मामा. शिबंदी मुख्यत्वें अरबांची. तहाप्रमाणें किल्ला स्वाधीन करावा, न केल्यास बंडखोर समजण्यांत येईल, असा निरोप आंत गेला. तोफांचा मारा झाला. मग किल्लेदार स्वतः बाहेर येऊन इंग्रजांच्या स्वाधीन झाला. आंतील दरवाज्याची दिंडी उघडली. कांहीं इंग्रज अधिकारी मोजक्या शिपायांसह आंत शिरले. तेथें कांहीं बोलाचाली झाली, आणि एकाएकीं हत्यारें चाललीं. मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅक्‌ग्रेगर हे दोन अधिकारी पडले. तें पाहून बाहेरील सैन्य आंत घुसलें, आणि सुमारें तीनशें माणसांची ती शिबंदी कापून काढण्यांत आली. किल्लेदारास त्याच दिवशीं फांशीं दिलें. दिंडीपाशीं जें झालें तो दगा कीं गैरसमज, याविषयीं त्या वेळेपासूनच दोन मतें आहेत. १८१९ सालीं हिंदुस्थानांतील सैन्याच्या आभाराचा ठराव लंडनच्या पार्लमेंटांत आला, तेव्हां थाळनेरच्या या फांशीविषयीं तेथें प्रश्न निघाला. म्हणजे खुद्द विजेत्यांच्या मनासहि ती गोष्ट टोंचत होती.

ही हकीगत आपल्यापर्यंत आली ती इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखणींतून. तींत मृत अधिकाऱ्यांचीं नांवें आहेत, त्यांचे हुद्दे आहेत, पलटणी आहेत. तीनशें माणसांचा मात्र केवळ आंकडा आहे. दिंडीच्या आंत त्या घटकेस अरबांची भाषा एक, किल्ल्यांतील कारकुनांची दुसरी आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची तिसरी. त्या बोलाचालींतील प्रत्येक शब्दावर तीनशें प्राण लोंबकळत होते. पण त्यांतील एकहि शब्द टिपून ठेवण्यास आंतल्या बाजूचा कोणी उरला नाहीं.

येथें इतिहासकार थांबतो, आणि त्यानें थांबावें हेंच योग्य. पुरावा संपला कीं त्याची लेखणीहि संपली पाहिजे. परंतु वाचकाचें मन तेथें थांबत नाहीं. मंदसोरचा तह होऊन पन्नासएक दिवस झाले होते; त्याची खबर किल्लेदारास कोणाकडून व कोणत्या शिक्क्यानिशीं पोंचली असेल? धन्याचा किल्ला परक्याच्या तोंडच्या निरोपावर सोडावा तर उद्यां धनी फितुरी म्हणणार. न सोडावा तर समोरचा बंडखोर म्हणणार. या कोंडींत त्या मनुष्यानें सकाळपासून काय काय मनांत आणलें असेल? घरापासून समुद्रापलीकडे आलेल्या अरब शिपायाला चाकरीचा पैसा आणि जिवाचा कौल यांवांचून दुसरा आधार कोणता? दरवाज्याच्या फटींतून लाल डगले आंत येतांना पाहून त्यास तें अभय वाटलें असेल कीं घात?

हे प्रश्न पोकळ कल्पनेचे नव्हेत. हे प्रश्न विचारल्यावरच ध्यानांत येतें कीं, ‘किल्ला घेतला, शिबंदी मारली, किल्लेदारास फांशीं दिलें’ या तीन छोट्या वाक्यांतून आपण किती झपाट्यानें पुढें जात होतों. ऐतिहासिक कादंबरीचें पहिलें कार्य हें कीं, ती वाचकास अशा ठिकाणीं अडविते. इतिहासकारास ‘काय झालें’ हें सांगून पुढें जातां येतें; कादंबरीकारास माणूस दिंडीपाशीं उभा करावा लागतो, त्याच्या अंगांत भय घालावें लागतें, आणि त्याच्या तोंडीं पुढचें वाक्य द्यावें लागतें.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. इतिहास वाचणारास शेवट ठाऊक असतो. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, हें पाठ करूनच आपण १८१७ सालाकडे पाहतों. आणि मग त्या सालांतील प्रत्येक मनुष्य आपल्यास आंधळा, आळशी किंवा स्वार्थी दिसूं लागतो. परंतु त्या मनुष्यास १८१८ साल ठाऊक नव्हतें. त्याच्यापुढें उद्यांचा दिवस जसा आपल्यापुढें असतो तसाच झांकलेला होता. चांगली कादंबरी हें झांकण पुन्हां जागच्या जागीं बसविते. टॉल्स्टॉयनें नेपोलियनच्या १८१२ सालच्या स्वारीवर ‘युद्ध आणि शांति’ ही कादंबरी लिहिली ती त्या स्वारीनंतर पन्नासांहून अधिक वर्षांनीं. बोरोदिनोचें रणांगण तो स्वतः जाऊन फिरून पाहून आला. त्याच्या वाचकांस लढाईचा निकाल ठाऊक होता. पण पुस्तकांतील शिपायास धूर, आरोळी आणि शेजारचा मनुष्य यांपलीकडे कांहीं दिसत नाहीं. लढाई म्हणजे नकाशावरील बाण नव्हेत, हें त्या पुस्तकानें जगास शिकविलें.

मराठींत या वाटेस प्रारंभ झाला तो १८७१ सालीं. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ ही मराठींतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानिली जाते. पुढें हरि नारायण आपटे यांनीं ‘उषःकाल’, ‘गड आला पण सिंह गेला’, ‘वज्राघात’ अशा कादंबऱ्या लिहून घरोघर इतिहासाची गोडी उत्पन्न केली. त्यांच्यानंतर नाथमाधवांनीं शिवकाल पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडीं बसविला. १९६२ सालीं रणजित देसाई यांची ‘स्वामी’ निघाली, आणि थेऊर येथें १७७२ सालीं ऐन तारुण्यांत मरण पावलेला माधवराव मराठी कुटुंबांस घरच्या मनुष्यासारखा जवळचा झाला. विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ १९८८ सालीं आली. ज्या पानिपतच्या पत्रांनीं राजवाड्यांच्या पहिल्या खंडाचा प्रारंभ झाला होता, तोच विषय नव्वद वर्षांनीं कादंबरीच्या वाटेनें लाखों घरांत शिरला. दफ्तर आणि कादंबरी हीं एकमेकांचीं वैरी नव्हेत, हें या एका गोष्टीवरूनहि दिसून येईल. एकानें जमीन नांगरली, दुसरीनें पेरणी केली.

खानदेशाशीं जवळचा संबंध असलेलें एक चरित्र या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. तें म्हणजे त्रिंबकजी डेंगळे याचें. दुसऱ्या बाजीरावाचा हा विश्वासू कारभारी. १८१५ सालीं जुलै महिन्यांत पंढरपुरास बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. त्याचा आळ त्रिंबकजीवर आला, व इंग्रजांनीं त्यास ठाण्याच्या किल्ल्यांत अटकेंत ठेविलें. पहाऱ्यास मुद्दाम गोरे शिपाई नेमिले होते. हेतु हा कीं, देशी शिपाई फितूर होतील ती भीति नको. कथा अशी सांगतात कीं, त्याच्या खिडकीखालीं एका अधिकाऱ्याचा मराठा मोतद्दार घोड्याला खरारा करतांना गाणीं म्हणत असे, आणि त्या गाण्यांतून सुटकेचा सारा बेत कैद्यास कळत असे. गोऱ्या पहारेकऱ्यांनीं तीं गाणीं ऐकलीं, पण त्यांस तीं कळलीं नाहींत. १८१६ सालच्या सप्टेंबरांत त्रिंबकजी निसटला. मग नाशिक, संगमनेर व खानदेश या बाजूच्या डोंगरांत, भिल्लांच्या व इतर लढाऊ लोकांच्या आश्रयानें, तो फिरूं लागला. १८१८ सालीं तो पुन्हां पकडला गेला, आणि काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यांत १८२९ सालीं कैदेंतच मेला. ती गाण्याची हकीगत बिशप हेबर यानें आपल्या प्रवासवृत्तांत नमूद केली आहे.

इंग्रज ग्रंथकारांच्या लेखीं त्रिंबकजी म्हणजे कारस्थानी आणि खुनी. पुष्कळ काळ मराठी वाचकानेंहि तेंच चित्र मुकाट्यानें स्वीकारिलें. ना. सं. इनामदार यांनीं १९६३ सालीं ‘झेप’ ही कादंबरी या त्रिंबकजीवर लिहिली, आणि प्रथमच सामान्य वाचकास असें वाटलें कीं, या मनुष्यासहि स्वतःची बाजू असूं शकेल; राज्य वांचविण्याची धडपड आणि स्वतःची महत्त्वाकांक्षा हीं एकाच देहांत नांदूं शकतील. कादंबरी वाचून त्रिंबकजी निर्दोष ठरतो, असें कोणीं समजूं नये. खून कोणीं करविला याचा निकाल कादंबरींत लागत नसतो. पण आरोपीस बोलूं दिल्यावांचून निकाल दिला गेला होता, एवढें तिनें दाखवून दिलें. हें ज्ञानच होय. आणि तें इतिहासाच्याहि उपयोगाचें आहे, कारण त्यानंतर कागद वाचणारा निराळ्या सावधपणें वाचूं लागतो.

थाळनेरची दिंडी आणि ठाण्याची खिडकी या दोन्ही ठिकाणीं एक गोष्ट समान आहे. दोन्हीकडे एक माणूस बोलत आहे आणि दुसरा नुसता ऐकत आहे. अर्थ त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं. एकीकडे त्यामुळें एक कैदी सुटला, दुसरीकडे तीनशें माणसें मेलीं. लिहून ठेवण्याचें काम मात्र दोन्ही वेळां ज्यास कळलें नव्हतें त्याच्याच बाजूस आलें. गतकाळाच्या ज्ञानांतील मोठी उणीव ती हीच. आणि कादंबरीची खरी गरज उत्पन्न होते ती येथें.

परंतु या औषधांत विषहि आहे, हें सांगितल्याविना विषय पुरा होत नाहीं. कादंबरी ज्याच्या डोळ्यांनीं पाहते त्याच्यावर आपलें मन बसतें. आणि मग जो त्या डोळ्यांस दिसला नाहीं तो आपल्यासहि दिसत नाहीं. याचेंहि उदाहरण खानदेशांतच आहे. इनामदारांनींच १९६६ सालीं यशवंतराव होळकरांवर ‘झुंज’ ही कादंबरी लिहिली. घराण्यांत डावललेला, एका डोळ्यानें अधू, पण इंग्रजांशीं जिद्दीनें लढणारा तो वीर वाचकाच्या मनांत घर करतो, आणि तें योग्यच आहे. आतां दुसरें पुस्तक उघडावें : १८८० सालीं मुंबई सरकारनें छापलेलें खानदेशचें गॅझेटियर. त्यांत १८०२ सालची हकीगत आहे. होळकरांच्या फौजा खानदेशांतून गेल्या, मुलूख लुटला गेला, शेतें ओस पडलीं, आणि त्या पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ आला. गांवेंच्या गांवें उठलीं. पुण्याच्या वाटेवर निघालेल्या ज्या घोड्यांच्या टापा कादंबरींत वाचकाचें रक्त तापवितात, त्याच टापांखालीं गिरणा, पांझरा आणि तापी यांच्या कांठचें पीक होतें.

मग खरा यशवंतराव कोणता? पराक्रमी कीं मुलूख उजाड करणारा? उत्तर असें कीं, दोन्ही. ज्यास केवळ गॅझेटियर ठाऊक आहे त्याला यशवंतराव एक लुटारू वाटेल, आणि पगार न मिळालेल्या फौजेचा धनी कोणत्या पेंचांत असतो हें त्याला कधीं कळणार नाहीं. ज्यास केवळ कादंबरी ठाऊक आहे तो खानदेशच्या कुणब्यास विसरेल. दोन्ही वाचणाऱ्यासच १८०२ साल थोडेंबहुत कळेल. त्यांतहि गॅझेटियर इंग्रजांनीं लिहिलें, व आपल्या आधींचा अंमल वाईट होता असें दाखविण्यांत त्यांचा लाभ होता, हें ध्यानीं ठेवावें लागतें. तात्पर्य, एक साक्षीदार पुरत नाहीं.

याहून अधिक अनर्थ छत्रपति संभाजी महाराजांच्या बाबतींत झाला. जुन्या बखरींच्या आधारें नाटककारांनीं व कादंबरीकारांनीं व्यसनी आणि बेजबाबदार असा एक संभाजी रंगविला, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनीं तोच खरा मानिला. रंगभूमीवर टाळ्या घेणारीं वाक्यें हळूहळू ‘इतिहास’ म्हणून घरोघर बोललीं जाऊं लागलीं. हें चित्र पुसलें तें दुसऱ्या कादंबरीनें नव्हे. तें पुसलें संशोधनानें. वा. सी. बेंद्रे यांनीं अनेक वर्षें कागद तपासून १९६० सालीं संभाजी महाराजांचें चरित्र प्रसिद्ध केलें, आणि बखरींतील कथांचा पाया किती कच्चा आहे तें दाखविलें. त्यानंतर १९७९ सालीं शिवाजी सावंत यांची ‘छावा’ आली, व बदललेलें चित्र सामान्य वाचकापर्यंत गेलें. म्हणजे कल्पनेनें केलेला अन्याय कागदानें दूर केला, आणि कागदानें दिलेला न्याय कल्पनेनें घरोघर पोंचविला. असें असूनहि नवी कादंबरी झाली तरी ती कादंबरीच. तिच्यांतील संवाद लेखकाचे आहेत, महाराजांचे नव्हेत. हा भेद विसरून कादंबरींतील वाक्यें सभेंत पुरावा म्हणून फेंकलीं जातात, त्यांवरून जातिजातींत वितुष्टें माजतात, आणि मेलेल्या माणसांच्या नांवानें जिवंत माणसें भांडूं लागतात. हा दोष लेखकाइतकाच वाचकाचा आहे.

आणखी एक उणीव आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत वारंवार दिसते, ती भाषेची. दरबारांतील सरदार, घाटांतला भिल्ल, तापीकांठची कुणबीण, सारींच एकाच घडीव पुणेरी मराठींत बोलतात. खानदेशांत घराघरांतून अहिराणी बोलली जाते. डोंगरांत भिल्लांच्या बोली निराळ्या. ज्या दिवशीं कादंबरींतील खानदेशी माणूस आपल्या बोलींत दोन शब्द बोलतो, त्या दिवशीं वाचकास एकदम उमगतें कीं, पुण्याहून आलेलें फर्मान या माणसास जवळजवळ परभाषेंतच ऐकूं येत असलें पाहिजे. जळगांवजवळच्या आसोदें गांवच्या बहिणाबाई चौधरी यांस लिहितां वाचतां येत नव्हतें. त्यांचीं गाणीं घरच्या माणसांनीं टिपून ठेविलीं म्हणून त्या वारल्यावर १९५२ सालीं तीं छापलीं गेलीं, आणि एका शेतकरी बाईच्या मनांत केवढें जग होतें हें महाराष्ट्रास कळलें. टिपून ठेवणारें कोणी नव्हतें अशा किती बहिणाबाई १८०३ च्या दुष्काळांत मेल्या असतील! त्यांचें दफ्तर नाहीं. त्यांचा विचार करण्यास जुन्या जात्यावरच्या ओव्या, बोली, नद्या आणि पिकें यांचा अभ्यास असलेली कल्पना हेंच एक साधन उरतें.

येथें ‘अभ्यास असलेली’ हे शब्द जाणूनबुजून घातले आहेत. कल्पना म्हणजे मनास येईल तें लिहिणें नव्हे. माघ महिन्यांत तापीला उतार कोठें मिळतो, सांडणीस्वार दिवसांत किती मजल मारतो, शिबंदीचा पगार रोख मिळे कीं वरातीनें, रात्रीं दिव्यांत कोणतें तेल जळे, या साध्या गोष्टी ज्यास ठाऊक नाहींत त्याचीं पात्रें भरजरी कपडे घालून आजच्याच माणसांसारखीं वावरतात. तसली कादंबरी गतकाळाचें आकलन वाढवीत नाहीं. ती आपलीच तसबीर जुन्या चौकटींत घालून आपल्यास परत देते. त्यामुळें ऐतिहासिक कादंबरीची परीक्षा सोपी आहे. वाचून झाल्यावर जुनीं माणसें आपल्याहून निराळीं होतीं आणि तरीहि माणसेंच होतीं, असें वाटलें, तर ती उत्तम. नुसता अभिमान किंवा नुसता संताप चढला, तर ती हलकी.

सुशिक्षित कुटुंबांनीं याबाबत एक साधी रीत ठेवावी. घरांत ऐतिहासिक कादंबरी आली कीं तिच्याबरोबर त्या काळाचा एक नकाशा व एक इतिहासग्रंथ आणावा. वाचून झाल्यावर मुलांस तीन प्रश्न विचारावे : यांतलें काय कागदावर आहे? काय लेखकानें आपल्या पदरचें घातलें आहे? आणि या कथेंत कोणाला बोलूंच दिलेलें नाहीं? पहिल्या प्रश्नानें सत्याची चाड उत्पन्न होते, दुसऱ्यानें कलेची पारख होते, आणि तिसऱ्यानें न्यायबुद्धि जागी राहते. सुटीच्या दिवशीं मुलांस धुळ्यास राजवाड्यांचा संग्रह दाखवावा, तेथील समर्थ वाग्देवता मंदिरांतील जुन्या हस्तलिखितांचें दर्शन घडवावें, आणि जमल्यास पुढें थाळनेरपर्यंत जावें. मोडी अक्षरांचा एक पिंवळा कागद डोळ्यांनीं पाहिला म्हणजे इतिहास किती कष्टानें हातीं येतो, हें कोणत्याहि व्याख्यानावांचून कळतें.

सारांश, कागद आपल्यास सांगतो कीं दिंडी उघडली आणि तीनशें माणसें मेलीं. तो न सांगता तर आपण थाळनेरचें नांवहि घेतलें नसतें. परंतु त्या तीनशांपैकीं एकाच्या जागीं क्षणभर उभें राहण्याची शक्ति कागद देत नाहीं. ती कादंबरी देते. तापीच्या तीरावर आज उभें राहून पाहिलें, तर पाणी आणि दरड यांवांचून फारसें कांहीं दिसत नाहीं. ज्यानें केवळ सनावळी वाचली, त्यास तें एक जुनें गांव वाटेल. ज्यानें कागद वाचला आणि त्यांतील माणसांचा विचार करण्याची संवय कादंबरीपासून घेतली, त्याला तेथें आवाज न करतां उभें राहावेंसें वाटेल.